नागपुरात दोन दिवस: पायी फिरायला खाजगी गाइड घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. डिसेंबरात कोल्हापूरहून चौघं येताय: तुम्ही, यजमान, १२ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. एक दिवस पेंचचं जंगल, दोन दिवस शहर. जुनं नागपूर पायी बघायला खाजगी गाइड करावा, की मोबाइलवर वाचत फिरलं तरी चालेल? त्यात बहिणीला जयपूरला आलेला अनुभव ताजा आहे. तिच्या गाइडने किल्ला भराभर उरकला आणि मग गालिच्यांच्या दुकानात नेऊन बसवलं. त्यामुळे पैसे जाऊन मनस्तापच पदरी पडेल, अशी तुम्हाला धास्ती वाटते.

महाल आणि इतवारी या जुन्या नागपुरातल्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, उपजीविका त्यावर आहे. माझं म्हणणं हे लक्षात ठेवूनच तोला. तरी माझा सल्ला दोन्ही दिवस गाइड घ्या असा नाही. पहिल्या दिवशी सकाळी अडीच-तीन तास, तेही फक्त महालासाठी घ्या. उरलेलं नागपूर तुमचं तुम्ही बघा, ते जास्त चांगलं दिसेल.

बहुतेक लोक गाइडचा विचार करताना स्वतःकडे बघतात. आपल्याला इतिहासाची आवड आहे का, परवडेल का, पोरं कंटाळतील का. मी आधी जागेकडे बघतो. ती जागा आलेल्या माणसाला स्वतःहून काही सांगते का? तिथे पाट्या आहेत का, मूळ वास्तू उभी आहे का, आत जाता येतं का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर गाइडवाचून काही अडत नाही. तिन्ही नाही असतील तर गाइडशिवाय तिथे जाणं म्हणजे बरेचदा नुसती पायपीट होते. नागपुरात दोन्ही प्रकारच्या जागा आहेत आणि त्या एकमेकींपासून फार लांबही नाहीत, म्हणून इथे हा फरक नीट कळतो.

दीक्षाभूमीला गाइड नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते हे ठिकाण. आजचा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. तो आतून पोकळ आहे, माणसं घुमटाखाली जाऊन बसतात. बावीस प्रतिज्ञा तिथे कोरलेल्या आहेत, त्या मुलाला स्वतः वाचू द्या. शेजारचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांतून वाढला, एवढं माहीत असलं तरी पुरे. तिथे कोणी कानाशी बोलत राहिलं तर त्या जागेची शांतता मोडते. माझ्या पाहुण्यांना मी तिथे दारापर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो.

झिरो माइललाही नको. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे, आणि बाजूच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरं. १९०७ सालच्या त्या सर्वेक्षणाच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दिली आहे. बारा वर्षांच्या मुलाला त्या तीन दशांश आकड्यांनीच विचार करायला लावलं पाहिजे: तेव्हा उपग्रह नव्हते, मग समुद्रापासून इतक्या आत इतकी बारीक मोजणी झाली कशी? उत्तर त्याला वडिलांबरोबर शोधू द्या. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, तिथेही वस्तूंपाशी पाट्या आहेत. सोमवारी बंद असतं तेवढं बघा.

आता महाल. इथलं गणित पूर्ण उलटं आहे.

तुम्ही महालात आलात की 'राजवाडा कुठे आहे' हा पहिला प्रश्न असतो. नागपूरकर भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता, लाकडी कोरीवकामाने भरलेला. तो १८६४ साली जळाला, मोठं प्रवेशद्वार तेवढं वाचलं. म्हणजे ज्या वास्तूमुळे या भागाला महाल म्हणतात, ती बघायला उरलेलीच नाही. थोरल्या घराण्याचा वाडा आहे, पण ते राहतं घर आहे, तिकीट काढून आत जायची जागा नव्हे. बाकी जे उरलंय ते दुकानांच्या फलकांमागे, विजेच्या तारांच्या जाळ्यात आणि पार्क केलेल्या स्कूटरच्या रांगेपलीकडे आहे.

आणि हे तुकडे एकमेकांना जोडून दाखवणारं तिथे काहीच नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा वस्त्या एकत्र करून शहर वसवलं. देवगड आता मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात येतं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराभोवती तीनेक मैलांचा कोट घातला आणि बांध टाकून तलाव केला. त्याच्या पश्चात वारसांत भांडणं लागली, ती मिटवायला रघूजी भोसले आले आणि १७४० च्या दशकात नागपूर त्यांचीच राजधानी झाली. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, औरस वारस नव्हता, डलहौसीने राज्य खालसा केलं.

हे सगळं तुम्हाला इंटरनेटवर पाच मिनिटांत वाचता येईल. पण वाचलेलं जमिनीवर कुठे आहे? तो तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. आजही कोणी त्याला शुक्रवारी तलाव म्हणतं, जुनी माणसं जुम्मा तलाव म्हणतात. कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट, ज्याच्या कमानीपाशी दिवसभर ऑटो आणि हातगाड्यांची गर्दी असते. मोबाइल तुम्हाला दरवाजापाशी आणून सोडतो, तुम्ही फोटो काढता, पाच मिनिटांत पुढे निघता. दरवाजा आणि तलाव एकाच राजाच्या एकाच बेताचे दोन भाग होते, कोटाच्या आत काय होतं आणि बाहेर काय, हे तिथे उभं राहून कोणीतरी हात करून दाखवावं लागतं. मग त्याच तलावाच्या काठाने बघत गेलं की पुढचं शतकही दिसायला लागतं. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याच दिवशी जमशेदजी टाटांनी या भागात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. मॉलमध्ये सिनेमाला जाणाऱ्या आमच्याच मुलांना ते ठाऊक नसतं, तर कोल्हापूरच्या मुलाला कसं कळावं?

आणि गिरणीच्या आधीपासून इथे हातमाग होते. इतवारीच्या पलीकडच्या वस्त्यांतल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण म्हणजे सावजी, जे आज अख्ख्या महाराष्ट्रात पाट्या लावून विकलं जातं. राजा, तलाव, माग, गिरणी, रस्सा. हा धागा हातात आला की महाल-इतवारी बघण्यासारखी होते. नाही आला तर तो नुसता गर्दीचा बाजार वाटतो. तसं वाटलेली अनेक माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती दोन-दोन तास तिथे चाललेली असतात.

दुसरं कारण माणसांचं आहे. चारचौघं कॅमेरे घेऊन एखाद्या जुन्या वाड्यासमोर उभे राहिले की ओट्यावरून हाक येतेच, "काय पाहून राह्यले जी?" विचारणारा चिडलेला नसतो, त्याला खरंच कुतूहल असतं. पण अनोळखी माणूस गडबडतो, 'काही नाही' म्हणतो आणि चालू लागतो. बरोबर वस्तीतल्या ओळखीचं कोणी असेल तर त्याच प्रश्नापासून गप्पा सुरू होतात. सासूबाईंना बसायला ओटा मिळतो, पाणी येतं, घरातल्या आजी पूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक कोणत्या खिडकीतून बघायच्या ते सांगतात. हे प्रत्येक वेळी घडेल अशी हमी मी कोणालाच देत नाही. कोणाच्या घरात डोकावणं हा कार्यक्रमाचा भाग असूही नये. पण घडण्याची शक्यता ओळखीच्या माणसामुळेच असते, आणि खाजगी गाइडच्या पैशांत माहितीपेक्षा या ओळखीचा वाटा मोठा असतो असं मी मानतो.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते.

सासूबाईंना सलग किती चालता येतं हे मला माहीत नाही, आणि त्यावर बरंच ठरेल. त्या रोज सकाळी फिरायला जात असतील तर महालाचा फेरा जमेल. गुडघ्यांचा त्रास असेल तर खाजगी गाइडची गरज कमी न होता उलट वाढते. सुटीच्या दिवशी सकाळी हौशी मंडळींचे सामूहिक हेरिटेज वॉक निघतात, त्यांत माणशी खर्च कमी येतो आणि दोघं तरुण येणार असतील तर मी तेच सुचवलं असतं. पण वीस-पंचवीस जणांच्या घोळक्याला एका आजींसाठी थांबता येत नाही, आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले या संकोचाने आजी 'मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या' म्हणतात. खाजगी फेऱ्यात चाल तुमच्या घरातल्या सर्वात सावकाश माणसाची असते. मध्ये ई-रिक्षा करता येते, एक टप्पा गाळता येतो.

तारखाही महत्त्वाच्या. नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, ते साधारण डिसेंबरातच येतं. त्या दिवसांत विधान भवन, झिरो माइल, सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी कठडे लागतात, मोर्चे निघतात, हॉटेलं भरतात. तेव्हा तो भाग अधिवेशनाच्या सुटीच्या दिवशी ठेवा. महालाला याचा त्रास कमी. हवेची मात्र काळजी नको, डिसेंबर हा पायी फिरायला आमचा सगळ्यात चांगला महिना. हाच प्रश्न तुम्ही मे महिन्यासाठी विचारला असता तर गाइड असो-नसो, सकाळी नऊनंतर पायी फिरूच नका असं सांगितलं असतं.

पेंचच्या दिवसाचा विचार करायचं कारण नाही. तिथे वनखात्याचा नेमलेला गाइड जिप्सीत बसतोच, तो नियमच आहे. जाता-येता रामटेक करणार असाल आणि वाकाटकांच्या काळातली नृसिंह मंदिरं समजून घ्यायची असतील तर जाणकार शोधा. नुसतं दर्शन घ्यायचं असेल तर गरज नाही.

आता जयपूरसारखं होऊ नये म्हणून काय करायचं. ठरवण्याआधी गाइडशी फोनवर दहा मिनिटं बोला. संदेशांची देवाणघेवाण पुरेशी नाही, आवाज ऐका. पहिलं विचारा की किती चालायचं आहे, मध्ये बसायला कुठे मिळेल आणि स्वच्छतागृह कुठे आहे. महालात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. जो माणूस खरोखर लोकांना घेऊन फिरतो त्याच्याकडे याचं नेमकं उत्तर असतं, अमुक देवळाजवळ, तमुक हॉटेलात. 'होऊन जाईल मॅडम' असं उत्तर आलं तर त्याने वयस्कर पाहुणे फारसे फिरवलेले नाहीत असं समजा.

मग विचारा, सीताबर्डीचा किल्ला आतून दाखवाल का? तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना वर्षातून मोजक्या दिवशीच आत सोडतात, साधारण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. इंटरनेटवरच्या 'नागपुरात काय बघाल' याद्यांत तो नेहमी वर असतो, हा भाग वेगळा. डिसेंबरात आत नेतो म्हणणारा माणूस तुमचा नाही. ज्याला विषय कळतो तो सांगेल की खालून टेकड्या बघू, १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई इथे कशी झाली ते सांगतो, आणि टेकडी गणपतीचं दर्शन घेऊन पुढे जाऊ.

अजून थोडं ताणायचं असेल तर गांधीजींबद्दल विचारा. या किल्ल्यात १९२३ मध्ये गांधीजींना कैदेत ठेवलं होतं असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात मार्च १९२२ पासून फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका होईपर्यंत ते येरवड्याच्या शिक्षेवर होते. गाइडला प्रत्येक तारीख पाठ हवी असा माझा आग्रह नाही. पण 'लोक असं सांगतात' आणि 'नोंद अशी आहे' यांतला फरक त्याने बोलताना ठेवला पाहिजे. झिरो माइल हे भारताचं मध्य आहे या समजुतीबाबतही तेच. तो सर्वेक्षणाचा दगड आहे ही नोंद झाली, देशाचा मध्य ही लोकांची आवडती समजूत. दोन्ही सांगावं, पण वेगवेगळं करून. सगळं एकाच ठासून बोलण्यात मिसळणारा माणूस रंजक वाटतो, पण तुमचा मुलगा ते खरं धरून घरी जातो.

दुकानांबद्दल आडून विचारू नका, सरळ सांगा: वाटेत कुठल्याही दुकानात जायचं नाही, खरेदी आम्ही आमची करू. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन हा या धंद्यातला जुना रोग आहे. इथे गालिच्यांऐवजी साड्या आणि संत्रा बर्फी असते एवढाच फरक. तुमच्या या वाक्यावर ज्याचा सूर बदलतो त्याला नको म्हणा. उलट स्वच्छ काम करणाऱ्या गाइडला असं ऐकून हायसं वाटतं, कारण त्याचा मान त्याच्या बोलण्याला मिळतो.

पैशांचं म्हणाल तर आकडा मी देत नाही, माणसागणिक आणि दिवसागणिक तो बदलतो. रक्कम माणशी आहे की सगळ्यांची मिळून, किती तासांची, ई-रिक्षा आणि चहापाणी त्यात आहे का, हे आधी बोलून घ्या. चौघांसाठी सगळ्यांची मिळून ठरलेली रक्कम बहुधा बरी पडते. पूर्ण दिवसाचा सौदा करू नका. तीन तासांनंतर कान थकतात, मग सांगणारा कितीही चांगला असो.

वेळेचं असं करा. सकाळी साडेसातला तर्री पोहे खाऊन निघा. आठ ते साडेनऊ महालात चालणं सोपं असतं, दुकानं उघडलेली नसतात, त्यामुळे वरचे सज्जे आणि लाकडी खांब दिसतात. साडेदहानंतर इतवारीत हातगाड्या सुरू झाल्या की सासूबाईंना घेऊन चालणं अवघड, तेव्हा तो भाग ई-रिक्षातून बघा आणि तिथेच गाइडला निरोप द्या. दुपारी विश्रांती. संध्याकाळी दीक्षाभूमी, दुसऱ्या दिवशी झिरो माइल आणि अजब बंगला. गाइडची सकाळ पहिलीच ठेवायची, कारण त्यानंतरचं सगळं शहर तुम्ही त्या ओळखीच्या आधाराने बघता. शेवटच्या दिवशी घेतलात तर 'अरे, कालच इथून गेलो होतो' एवढंच हाती लागतं.

मनासारखा गाइड मिळाला नाही, फोनवर कोणीच पटलं नाही, तर ओढूनताणून कोणालाही घेऊ नका. मेट्रोने चितारओळीला उतरा, मूर्तिकारांची ती गल्ली बघा. गणपतीआधीची धांदल डिसेंबरात नसते, पण म्हणूनच कारागिरांना बोलायला वेळ असतो. तिथून ई-रिक्षाने बडकस चौक, मग पायी गांधी गेट आणि गांधीसागराचा काठ. वर लिहिलेला इतिहास मुलाला आदल्या रात्री वाचून दाखवा आणि दरवाजा आणि तलाव यांचं नातं त्याला नकाशावर शोधायला लावा. आणि ओट्यावरून कोणी काय बघताय असं विचारलं तर थांबा आणि खरं सांगा की कोल्हापूरहून आलोय, जुनं नागपूर बघतोय. महालातला माणूस तेवढ्यावर अर्धा तास सहज देतो.

तारखा नक्की झाल्या की कळवा. अधिवेशन आणि सोमवार बघून दोन दिवसांची अदलाबदल करावी लागेल का ते सांगतो. आणि सासूबाईंना सलग किती चालवतं, तेही लिहा.